दोन्ही मिळून बावीस

ह्यांनी पॉवर सप्लाय तळहातावर घेतला, दोनदा वरखाली तोलला आणि म्हणाले, "चांगला आहे. आत माल आहे."

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात ह्यांना एकोणतीस वर्षं झाली. मशीनला वीज पुरवणारा हा लोखंडी डबा हातात घेऊन तोलल्याशिवाय ह्यांनी या एकोणतीस वर्षांत एकाही मशीनबद्दल मत दिलेलं नाही. लोक कलिंगड वाजवून बघतात, हे सप्लाय तोलून बघतात. हलका लागला की आत तांबं कमी, म्हणजे बाहेर लिहिलंय तेवढी वीज तो देणार नाही, असं ह्यांचं म्हणणं. सहसा ते खरंच निघतं, त्यामुळे मलाही चेष्टा करायला फारशी जागा मिळत नाही.

समोर स्टुलावर बूटवाली बसली होती. तिला सगळे बूटवालीच म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. साखरेच्या आजारात ज्यांच्या पायांना जखमा होतात, बोटं काढावी लागतात, त्यांच्यासाठी ती मापाचे बूट बनवते. आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून तिचं वर्कशॉप आहे. कॉम्प्युटर तिने एका ढकलगाडीत घालून, वर जुनी चादर गुंडाळून आणला होता. बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणावं इतक्या जपून तिने तो काउंटरवर ठेवला.

तिची अडचण मला फार मजेशीर वाटली. तिच्याकडे पायाचं चित्र घेणारं एक यंत्र आहे. काचेवर पाय ठेवला की ते खालून सगळा तळवा टिपतं. मग तो पाय कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभा राहतो आणि माउसने हवा तसा फिरवून बघता येतो. पण हॉस्पिटलने आता नवीन प्रोग्रॅम घेतला होता, तिलाही तोच घ्यावा लागला, आणि त्यात पाय फिरवायला गेलं की चित्र जागच्या जागी गोठायचं. तिच्या बारा वर्षांच्या मशीनमधल्या ग्राफिक्स कार्डाला ते झेपत नव्हतं. नवीन कॉम्प्युटर घ्यावा तर ते पायाचं यंत्र त्याला जोडता येईना, कारण त्याची जोडणी जुन्या पद्धतीच्या खाचेतच बसते आणि यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. म्हणजे मशीन जुनंच ठेवायचं आणि कार्ड तेवढं नवीन बसवायचं.

हॉस्पिटलमधल्या कुणीतरी तिला कार्डाचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. ते कार्ड आमच्याकडे होतं. खोक्यावर लिहिलेलं, किमान पाचशे वॉटचा सप्लाय हवा. तिच्या सप्लायवरही मोठ्या अक्षरात पाचशेच लिहिलेलं. पाचशेला पाचशे, मग विचार कसला करायचा, असं तिने विचारलं.

हा प्रश्न ह्यांचा फार आवडता. हे लगेच खुर्ची पुढे ओढून बसले. वर लिहिलेला आकडा सगळा मिळून असतो, ह्यांनी सांगितलं. सप्लायमधून तीन-चार प्रकारची वीज वेगवेगळ्या तारांनी निघते. तीन व्होल्टची वेगळी, पाचची वेगळी, बाराची वेगळी. जुने सप्लाय छोट्या लाइनींना पुष्कळ वाटून टाकायचे. नवीन कार्ड मात्र फक्त बारा व्होल्टच्या लाइनीवर जेवतं. तेव्हा पाचशेकडे बघायचंच नाही, बाराच्या लाइनीला किती अँपिअर दिलेत ते बघायचं.

बूटवाली म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच की. माणूस सत्तर किलोचा आहे हे कळून मला काय उपयोग? त्यातले किती अंगठ्याखाली पडतात, त्यावर जखम ठरते."

हे तिच्याकडे बघतच राहिले. गिऱ्हाइकाने ह्यांनाच काहीतरी समजावून सांगावं असे प्रसंग आमच्या दुकानात फार येत नाहीत. मग पाच-दहा मिनिटं कार्ड बाजूलाच राहिलं आणि हे तिला विचारत बसले. चालताना वजन टाचेवरून पुढे कसं सरकतं, अंगठा काढला तर त्याच्या वाटणीचा भार कोण घेतं. शेजारचं हाड घेतं, आणि त्याला ती सवय नसते, म्हणून तिथे दुसरी जखम होते, असं तिने सांगितलं. पावत्या लिहिता लिहिता मीही कान देऊन ऐकत होते. मला असल्या गोष्टींचं वेडच आहे. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा घडीचा कागदसुद्धा मी शेवटपर्यंत वाचते.

त्यानंतर ह्यांनी सप्लायवरचं लेबल वाचायला घेतलं.

आधी डबा ट्यूबलाइटखाली धरला. मग तिरपा केला. मग मान तिरपी केली. "शाई उडालीय जरा," असं पुटपुटले. मी माझ्या टेबलावरून बघत होते. शाई उडालेली नव्हती.

"सोळा. आणि दुसऱ्या लाइनीला सोळा," हे अखेर म्हणाले. "बत्तीस झाले. कार्ड चौदा खाईल, प्रोसेसर नऊ, बाकी किडूकमिडूक तीन. सव्वीस. बत्तीसात आरामात बसतं."

कार्ड बसवलं. मशीन तासभर चालू ठेवलं, ते नीट चाललं. बूटवाली चादर गुंडाळून ढकलगाडी घेऊन गेली.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला माझीच लाज वाटते. मला माहीत होतं. आठ महिने माहीत होतं. चहा कपाच्या कडेवरून बशीत पडायला लागला तेव्हा संशय आला. मग पेपर वाचणं सुटलं. पेपरात असतं काय हल्ली, असं म्हणायला लागले, जणू काही पेपर आत्ताच बिघडला. बारीक स्क्रू खाली पडला की पूर्वी वाकून उचलायचे, आता दोरीला लोहचुंबक बांधून जमिनीवरून फिरवायला लागले आणि ही कशी सोपी युक्ती आहे हे मलाच पटवून द्यायला लागले. साखर चौदा वर्षांपासून आहे. डोळ्यांच्या तपासणीचं मी तीनदा काढलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा जेवणावरून उठले. चौथ्यांदा मी काढलं नाही.

आणि ती फळी. ह्यांनी फार वर्षांपूर्वी एका लाकडी फळीवर मोटारीच्या हेडलाइटचे सहा बल्ब बसवले होते. सप्लाय त्या फळीला जोडायचा आणि एकेक बल्ब पेटवत जायचं. प्रत्येक बल्ब साधारण पाच अँपिअर ओढतो. व्होल्टेज कितव्या बल्बाला पडतं ते मीटरवर बघायचं, म्हणजे सप्लायची खरी ताकद कळते, लेबल काहीही म्हणो. नवीन कार्ड बसवायचं म्हणजे आधी फळी, हा आमच्या दुकानाचा नियम होता. बाजारातले लोक फळीवरून चेष्टा करायचे, पण आपलं मशीन तिच्यावर लावून घ्यायला आमच्याकडेच यायचे. तीच फळी ह्यांनी आठ महिन्यांपूर्वी माळ्यावर टाकली. दोन बल्ब गेलेत, आणतो एकदा, असं म्हणाले. मी त्याच आठवड्यात एका दुपारी माळ्यावर चढून बघितलं. सहाही बल्बांच्या तारा शाबूत होत्या. तो झगझगीत उजेड ह्यांना सोसत नव्हता, हे मला तिथेच, शिडीवर उभी असताना कळलं. मी फळी होती तशी ठेवली आणि खाली उतरले.

मी का गप्प बसले? हे मेकॅनिकशिवाय दुसरं काही कधी झालेच नाहीत. लग्न झालं तेव्हा टीव्ही दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर. न दिसणारा मेकॅनिक कोणाला हवा असतो? ह्यांना जी भीती होती तीच मला होती. दोघांनी मिळून ती झाकून ठेवली, एवढंच. वेगवेगळ्या बाजूंनी झाकत होतो, म्हणून एकमेकांचे हात दिसले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी बूटवालीचा फोन आला. फोन मी घेतला. मशीन बंद पडतंय, ती म्हणाली. एरवी चालतं, पण पाय फिरवायला घेतला की एकदम काळोख. दोन दिवसांत अकरा वेळा झालं. तिच्या आवाजात राग नव्हता आणि मला तेच जड गेलं. एक निवृत्त पोस्टमन आहेत, ती सांगत होती. उजव्या पायाचा अंगठा काढलाय. शनिवारी हॉस्पिटलमधून त्यांना घरी सोडणार आहेत, आणि बूट नसेल तर त्यांना पाय जमिनीला लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. माप घेऊन ठेवलंय पण उघडता येत नाही. त्यांना काय सांगू, एवढंच तिने विचारलं.

त्या दिवशी बुधवार होता. ह्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. मी दुकानाला कुलूप लावलं आणि बरोबर निघाले. एरवी मी असली कामं बघायला जात नाही, त्यामुळे ह्यांनी भुवई उंचावली, पण काही विचारलं नाही.

वर्कशॉप तळघरात आहे. तीन पायऱ्या उतराव्या लागतात. पहिल्या दोन पायऱ्या हे सरळ उतरले. तिसरीला उजवा पाय जरा पुढे सरकवून तिची कड चाचपली आणि मग टेकवला. बूटवाली दारातच उभी होती. तिची नजर ह्यांच्या पायांवर होती, पण तिची नजर सगळ्यांच्याच पायांवर असते.

आत रबराचा आणि सरसाचा वास होता. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर बूट बेतायचे लाकडी पाय, शेकड्यांनी. प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. काहींना पाचही बोटं होती, काहींना तीन, काही पाय अर्ध्यातच संपलेले. प्रत्येक पाय वेगळा बघून मला प्रत्येकाबद्दल विचारावंसं वाटत होतं, पण ती वेळ नव्हती. पायाच्या यंत्राच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून आम्ही पादत्राणं दाराशी काढली.

ह्यांनी मशीन उघडलं. धूळ बघितली, प्लग दाबून बघितले, कार्ड काढून पुन्हा बसवलं. भिंतीतला विजेचा दाब मोजला. मीटरवरचा आकडा मला वाचायला लावला, कारण काय तर ह्यांना वाकायला नको. सगळं ठीक होतं. मग बूटवालीने पोस्टमनचा पाय पडद्यावर आणला. करडा, उभा, अंगठ्याच्या जागी गुळगुळीत. तिने तो फिरवायला सुरुवात केली. अर्धा फिरला आणि पडदा काळा झाला.

मशीनमधून टक् असा बारीक आवाज आला. "सप्लाय पडला," हे लगेच म्हणाले. ह्यांचे कान अजून तिखट आहेत. "पण पडायचं कारण नाही. बत्तीस आहेत आत."

दुसऱ्यांदा केलं, तेच. तिसऱ्यांदा तेच. ह्यांच्या मानेला घाम आला होता. मग हे स्वतःला न शोभणारं बोलायला लागले. हल्लीच्या कंपन्या लेबलवर एक लिहितात आणि आत दुसरंच देतात, सप्लाय फसवा निघाला, वजनावरून वाटला होता चांगला, असलं काहीबाही. ज्या डब्याला चार दिवसांपूर्वी चांगला म्हणाले त्यालाच हे आता खोटा ठरवत होते. मला उठून लेबल वाचावंसं वाटत होतं. मी उठले नाही.

बूटवाली मधेच उठून दाराशी गेली होती. परत आली ती ह्यांचा उजवा बूट हातात घेऊन. खाली बुटक्या स्टुलावर बसली आणि तो उलटासुलटा करून बघायला लागली.

"काका, साखर किती वर्षं आहे?" तिने विचारलं.

"चौदा," मी सांगितलं.

"हा बूट चालून झिजलेला नाही," ती म्हणाली. "ठेचा लागून झिजलाय. पुढचं टोक बघा, कातडं सोललंय. डावा ठीक आहे, उजवाच असा आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्यांचे बूट असेच असतात. त्यांना वाटतं पायाचं दुखणं आहे. ते आधी डोळ्याचं असतं." तिने बूट मांडीवर ठेवला. "उजव्या डोळ्याने दिसत नाही का नीट?"

हे स्क्रू-ड्रायव्हर हातातल्या हातात फिरवत राहिले.

"मधोमध एक डाग आहे," हे म्हणाले. "आठ-नऊ महिने झाले. डाव्याने दिसतं, पण बारीक अक्षर हलतं."

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? ज्या प्रश्नावर माझ्यासमोर ताटावरून उठले, त्याचं उत्तर ह्यांनी चार दिवसांच्या ओळखीच्या बाईला एका वाक्यात देऊन टाकलं. मग माझ्या लक्षात आलं की तिने विचारलं तसं मी विचारलंच नव्हतं. मी फक्त तपासून घ्या म्हणाले होते. दिसतं का, असं मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती. राग गेला. मी फळीवरच्या लाकडी पायांकडे बघत बसले.

"अगं," हे म्हणाले, "ते लेबल वाच."

मी मशीनपाशी जाऊन गुडघ्यावर बसले. ह्यांनी सप्लाय सोडवून माझ्यापुढे धरला. मी वरून एकेक ओळ वाचत गेले. एकूण पाचशे वॉट. तीन पॉइंट तीन व्होल्ट, चोवीस अँपिअर. पाच व्होल्ट, चोवीस. बारा व्होल्ट पहिली लाइन, सोळा. दुसरी लाइन, सोळा.

"आणखी?"

"खाली बारीक अक्षरात आहे."

"वाच."

"बारा व्होल्टच्या दोन्ही लाइनी मिळून जास्तीत जास्त बावीस."

असली ओळ ह्यांना नवीन नव्हती. दोन लाइनींची बेरीज करायची नसते, खाली बारीक अक्षरात खरा आकडा असतो, तो आधी बघा, असं दुकानात शिकायला आलेल्या कितीतरी जणांना ह्यांनी माझ्यासमोर सांगितलेलं आहे. नवशिके हमखास तिथेच चुकतात म्हणून हे हसायचेसुद्धा.

"सव्वीस मागतोय आपण त्याच्याकडे," हे सावकाश म्हणाले. "तो बावीस देतो. पाय फिरवला की कार्ड पूर्ण जोर लावतं, आणि हा बिचारा जळून जाण्यापेक्षा बंद होतो. शहाणाच आहे." मग ते बूटवालीकडे वळले. "ताई, सप्लायचा दोष नाही. माझा आहे. मला ती ओळ दिसली नाही, आणि दिसत नाही हे मी बोललो नाही. तुमचे चार दिवस गेले त्यात."

बूटवालीने बूट खाली ठेवला. असू द्या, चालायचंच, असलं काही ती म्हणाली नाही, त्याबद्दल मला तिचा फार आदर वाटला. तिने फक्त विचारलं, "मग बावीसात काय बसेल?"

तो प्रश्न ऐकून हे पुन्हा माणसात आले. डोळे मिटले आणि बोलायला लागले. नवीन सप्लाय घालायचा म्हटलं तर हे मशीन कारखान्यातूनच असं आलेलं, त्याचा सप्लाय लांबट, प्लगही त्या कंपनीचा खास, बाजारातला दुसरा बसत नाही. म्हणजे सप्लाय हाच. मग कार्डानेच आपली भूक कमी करायला हवी. वेगळी तार न जोडता, मशीनच्या मुख्य पाटीवरून, म्हणजे मदरबोर्डवरून, मिळेल तेवढ्याच विजेवर चालणारी छोटी कार्डं असतात. त्याला सहा पुरतात. सहा, नऊ आणि तीन, अठरा. बावीसात अठरा बसतात, आणि वर चार सुटे राहतात. ते चार सुटे राहायलाच हवेत, कारण सप्लायचंही वय झालंय.

"पाय फिरेल का त्यावर?" तिने विचारलं.

"फिरेल. सावकाश फिरेल."

"पोस्टमनकाकांना घाई नाही. त्यांना नीट हवाय."

तिथून आम्ही दुकानात परत आलो नाही. बूटवालीने तिच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला आणि आम्ही सरळ तिकडे गेलो. औषध घालून तासभर डोळे मिटून बसवलं, मग आत नेलं. डोळ्याच्या पडद्याला साखरेने इजा झाली आहे, डॉक्टरांनी सांगितलं. जे गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळता येईल. दर महिन्याला इंजेक्शन. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर मी खुर्चीची कड धरली. हे मात्र सुई किती जाडीची असते, औषध आत नेमकं कुठे जातं, हे विचारत बसले. डॉक्टरांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून दाखवलं. डोळ्यांतल्या औषधामुळे ते चित्र ह्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांचं बोट धरून रेषांवरून फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटं कार्ड आलं. बूटवालीने मशीन आणून ठेवलं आणि थांबली. हे मला म्हणाले, फळी काढ.

"दोन बल्ब गेलेत ना तिचे?" मी साळसूदपणे विचारलं.

"गेले नाहीत. तू बघून आलीयस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"शिडी लावून ठेवायची जागा चुकलीस," हे म्हणाले. त्यांना आठ महिने माहीत होतं की मला माहीत आहे. मला हसू आलं आणि ते आवरेना, आणि मग हसताना डोळे पुसावे लागले. बूटवाली आमच्याकडे बघत होती, तिला काही कळलं नसावं.

ह्यांनी खुर्ची फिरवली आणि फळीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. डोळ्यांवर रुमाल धरला. जोडण्या मी केल्या. पिवळी तार कुठे, काळी कुठे, हिरवीला कशाशी जोडलं की सप्लाय जागा होतो, हे त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं आणि मी केलं. एकोणतीस वर्षं मी हे तीन फुटांवरून बघत आले होते. हातांनी करायला गेलं की किती वेगळं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. तारेचं टोक खाचेत बसल्यावर बोटाला जो हलका खटका जाणवतो तो बघून कधीच कळला नसता.

पहिला बल्ब पेटवला. "बारा पॉइंट एक," मी मीटर वाचला. दुसरा. बारा. तिसरा. अकरा पॉइंट नऊ. चौथा बल्ब पेटला तेव्हा दुकान पांढरं झालं, समोरच्या भिंतीवर ह्यांची सावली पडली. "अकरा पॉइंट आठ." बूटवालीने डोळ्यांवर हात धरला. आता पाचवा, ह्यांनी पाठमोरंच सांगितलं, म्हणजे कळेल कुठे संपतो ते. मी बटण दाबलं. टक् झालं आणि पाचही एकदम विझले.

"वीस धरतो, पंचवीसला पडतो," हे भिंतीला म्हणाले. "लेबल खरं बोलतं. चारांवर अर्धा तास ठेव."

अर्धा तास चार बल्ब जळत राहिले. तेवढ्या वेळात बूटवाली मला पोस्टमनबद्दल सांगत होती. तो माणूस अंगठा नसलेला पाय घरी कुणाला दाखवत नाही, पण तिच्या काचेवर बिनधास्त ठेवतो. तुमच्याकडे ठेवतात, कारण तुम्ही त्याचं काहीतरी करता, मी म्हणाले. बायको नुसती बघते. मीटरवरचा आकडा अकरा पॉइंट आठवरून हलला नाही. मग छोटं कार्ड बसवलं, सप्लाय जागेवर घातला, आणि तिने आणलेल्या फाइलीतून पोस्टमनचा पाय आमच्या पडद्यावर उभा राहिला. तिने तो फिरवला. टाच वर आली, तळवा दिसला, अंगठ्याची जागा दिसली, पुन्हा टाच. सावकाश, पण कुठे न अडखळता. आम्ही तिघांनी तो पंधरा-वीस वेळा फिरवला. ह्यांना चित्र नीट दिसत नव्हतं, पंख्याचा आवाज मात्र एकसारखा येत होता, आणि ते त्याच्याकडे कान लावून बसले होते. शनिवारपर्यंत होईल, बूटवाली म्हणाली.

दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या पाठीला हे एक कागदी पट्टी चिकटवतात. तपासले, असा एक शब्द, तारीख आणि खाली सही. गिऱ्हाईक ती कधी वाचत नाही. पण मशीन परत आलं तर आपण काय कबूल केलं होतं हे आपल्याला कळायला हवं, म्हणून ती असते. ह्यांनी पट्टी चिकटवली, पेन काढलं, टोपण उघडलं. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"वाचलंस तू, जोडलंस तू," हे म्हणाले. "सही तू कर."

पावत्यांवर मी इतकी वर्षं ह्यांच्या नावाने, पुढे 'करिता' लिहून सही करत आले आहे. हात सवयीने तिकडेच वळला. मी थांबले, आणि नुसतं माझं नाव लिहिलं.

"झाली?" ह्यांनी विचारलं. "कुठे केलीस?"

मी त्यांचा अंगठा धरून पट्टीवर ठेवला. त्यांनी तो डावीकडून उजवीकडे, नाव संपेपर्यंत फिरवला. शाई ओली होती, थोडी फिसकटली. दुसरी पट्टी लावू का, मी विचारलं. नको, राहू दे, असं म्हणून ह्यांनी मशीन उचललं आणि बूटवालीच्या गाडीत ठेवलं.